तुमच्या सिनेमाचा शो तुम्हीच लावा

माझ्याकडे सिनेमे अगदी शेवटी येतात. कलर झालेला असतो, साउंड मिक्स झालेलं असतं, दिग्दर्शकाच्या डोळ्यांखाली वर्तुळं आणि खात्यात खडखडाट. अंधेरीत एका छोट्या खोलीत मी डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी सिनेमाची डिजिटल प्रत, काढून देते, सबटायटल्स बसवते, सेन्सॉरचे कागद जुळवून देते. डिस्क हातात पडली की जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "ताई, आता रिलीज कसा करायचा?"

मी उलट विचारते: पहिला शो कुठे, किती वाजता आणि तिथे कोण येऊन बसणार? याचं उत्तर नसेल तर शंभर स्क्रीन मिळूनही सोमवारी सगळं गुंडाळावं लागतं. उत्तर असेल तर ऐंशी खुर्च्यांच्या हॉलपासूनही सुरुवात होते. मुंबईत राहून, वितरक पाठीशी नसताना, आपला सिनेमा आपणच लोकांपुढे कसा न्यायचा ते इथे सांगते. माहितीपट असो, लघुपट असो की दोन तासांचा कथापट, रस्ता साधारण एकच आहे.

कागद आधी, पोस्टर नंतर

पोस्टरच्या फाँटवरून भांडायला सगळ्यांना वेळ असतो, कलाकारांच्या करारांची फाइल मात्र सापडत नाही. हॉलवाला, महोत्सव, चॅनल, ओटीटी, कोणीही गंभीरपणे विचारायला लागला की आधी हेच मागतो: लेखकाचा करार, कलाकारांची संमतिपत्रं आणि संगीताचे हक्क. गाणं तुमच्यासाठी बनवून घेतलं असेल तर संगीतकार, गीतकार, गायक अशा तिघांचं लेखी हवं. जुनं गाणं मागे रेडिओवर वाजताना घेतलं असेल तर दोन परवानग्या लागतात, एक शब्द-चालीच्या मालकाची आणि दुसरी त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. "पाचच सेकंद आहे हो" हे कोणी ऐकत नाही. परवानगी नसेल तर ते गाणं मिक्सच्या वेळीच काढा, नंतर काढणं महागात पडतं.

सिनेमात बैलजोडी, घोडा किंवा पोपट असेल तर भारतीय पशु कल्याण मंडळाचं ना हरकत पत्र सेन्सॉरला लागतं. त्याची प्रक्रिया शूटिंगच्या आधी सुरू होते, त्यामुळे ऐनवेळी धावून उपयोग नाही. ग्रामीण मराठी सिनेमे इथे हमखास अडकतात. कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांची तंबाखूविरोधी जाहिरात, २० सेकंदांचा दृक्-श्राव्य इशारा आणि त्या-त्या दृश्यात पडद्याखाली स्थिर सूचना, एवढं सगळं घालावं लागतं. पटकथा लिहितानाच ठरवा, त्या पात्राला खरंच सिगारेट हवी आहे का.

आता सेन्सॉर. तिकीट नाही म्हणजे शो खासगी, असा एक सोयीस्कर समज आहे. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र मागतो. दार कोणालाही उघडं असेल तर फुकटचा शोही सार्वजनिकच, असं धरून चाला. महोत्सवांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते आणि ती आयोजक घेतात, तुम्ही नाही. फिल्म सोसायट्या आपल्या सभासदांपुरतं दाखवतात. बाकी हॉल, मल्टिप्लेक्स, नाट्यगृह यांचा व्यवस्थापक आधी प्रमाणपत्रच मागेल आणि मागितलंच पाहिजे.

अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो. मुंबईचं कार्यालय पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले, यू आणि ए होतेच. प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदतही गेली, आता ते कायमचं असतं. परीक्षण समितीचा निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती आणि त्यानंतर थेट उच्च न्यायालय, कारण मधलं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बरखास्त झालं. म्हणजे छोट्या निर्मात्याला दाद मागायची स्वस्त जागा उरली नाही. ए मिळालं तर तो सिनेमा तसाच टीव्हीवर जात नाही, त्यासाठी काटछाट करून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. चॅनलला विकायचं डोक्यात असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

श्रेयनामावलीसकट सिनेमा पक्का झाल्याशिवाय अर्ज करू नका. प्रमाणपत्रानंतर केलेला प्रत्येक बदल कळवून मान्य करून घ्यावा लागतो. आणि प्रमाणपत्र सिनेमाच्या सुरुवातीला दिसावं लागतं, म्हणून थिएटरसाठीचा अंतिम डीसीपी त्यानंतरच काढायचा. ट्रेलर थिएटरात दाखवायचा तर त्याचं प्रमाणपत्र वेगळं.

डिस्कमध्ये काय असावं

थिएटरचा प्रोजेक्टर एमपी४ लावत नाही. त्याला डीसीपी लागतो: जेपीईजी २००० मधली चित्रं, वेगळा आवाज आणि ते कसं वाजवायचं हे सांगणाऱ्या काही छोट्या फाइली, एका फोल्डरमध्ये. डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, घरच्या कॉम्प्युटरवर चालतं. मला कामाचे पैसे मिळतात तरी सांगते, लघुपटासाठी ते पुरेसं आहे. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवायची तयारी हवी एवढंच.

चौकट दोनपैकी एक निवडायची. २के मध्ये फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८० पिक्सेल, आणि जास्त लांबट स्कोप म्हणजे २०४८ बाय ८५८. एचडीत १९२० बाय १०८० वर केलेला सिनेमा फ्लॅटमध्ये बसवला की दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या येतात, त्या येऊ द्या. ताणून भरायला जाऊ नका, चेहरे रुंद होतात. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २४ ठेवा. आपल्याकडे बरेच जण २५ वर शूट करतात आणि जुने सर्व्हर २५ चा डीसीपी घेतीलच असं नाही. २५ चं २४ करताना सिनेमा चार टक्के लांबतो आणि आवाजाची पट्टी किंचित उतरते. त्यामुळे हा निर्णय पहिल्या दिवशी कॅमेऱ्यावर घ्यायचा असतो, माझ्याकडे आल्यावर नाही.

हार्ड डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३ पद्धतीने फॉरमॅट करून द्या. मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क थिएटरच्या सर्व्हरला बहुधा दिसतच नाही आणि मग ऑपरेटर आणि दिग्दर्शक एकमेकांकडे बघत बसतात. इन्जेस्ट म्हणजे सर्व्हरमध्ये सिनेमा चढवणं. ते आदल्या दिवशी करून घ्या आणि सुरुवात, मध्य, शेवट अशी तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटं बघा. कुलूपबंद डीसीपी केला तर प्रत्येक सर्व्हरसाठी केडीएम नावाची किल्ली लागते आणि ती ठरावीक वेळेतच चालते. शो अर्धा तास उशिरा सुरू झाला आणि किल्लीची मुदत शो चालू असतानाच संपत असेल, तर काय होईल याचा आधी विचार करा. छोट्या सिनेमाला पायरसीपेक्षा न उघडणाऱ्या कुलपाची धास्ती जास्त असावी, असं माझं मत आहे. महोत्सवाला आणि सोसायटीला मी बिनकुलपाचाच देते.

हॉल

पहिले शो थिएटरात लावू नका. मुंबईत त्याहून चांगल्या जागा आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या रोजच्या वाटेवर आहेत.

फिल्म सोसायट्यांपासून सुरू करा. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून मुंबईत सिनेमे दाखवतंय. त्यांचा प्रेक्षक सबटायटल्स वाचतो आणि सिनेमा संपल्यावर मोबाइल न काढता प्रश्न विचारतो. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी जोडलेल्या सोसायट्या राज्यात इतरही गावी आहेत. एका ठिकाणी नीट शो झाला की पुढच्या ठिकाणचा फोन बऱ्याचदा तेच करतात. माहितीपटवाल्यांसाठी 'विकल्प' नावाचा माहितीपटकारांचा गट आहे. २००४ च्या मिफसाठी, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट-लघुपट महोत्सवासाठी, भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट आली, विरोधानंतर ती मागे घेतली गेली, पण बरेच टोकदार माहितीपट निवडीतच वगळले गेले. तेव्हा माहितीपटकारांनी त्याच दिवसांत स्वतःचा समांतर महोत्सव भरवला. जुहूच्या पृथ्वी हाऊसमधले माहितीपटांचे शो त्याच चळवळीतून आले. दार बंद झालं म्हणून शेजारीच मांडव घालणारी ही माणसं आहेत, त्यांच्याशी ओळख असू द्या.

मग विषयाचा प्रेक्षक शोधा. बहुतेकांना हे काम कमीपणाचं वाटतं आणि नेमकं हेच कामाला येतं. सिनेमा गिरणी कामगारांवर असेल तर तो लालबाग-परळच्या हॉलमध्ये दाखवा, जिथल्या घरांत अजून मिलच्या भोंग्याच्या गोष्टी निघतात. मासेमारीवर असेल तर वरळी किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यात, आणि तोही बोटी समुद्रात नसतील तेव्हा, म्हणजे पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या दिवसांत. नर्सेसवर असेल तर त्यांच्या संघटनेला फोन करा आणि ड्युटी कधी बदलते ते विचारून वेळ ठरवा. माझ्या ओळखीतल्या एका नाशिकच्या मुलीने गावोगावच्या 'आशा' आरोग्यसेविकांवरचा तिचा माहितीपट आधी त्यांच्याच मेळाव्यात दाखवला. तिथे मागच्या रांगेतली एक बाई उठून म्हणाली, "आमच्या तालुक्यात कधी दाखवणार ते सांगा, माणसं मी गोळा करते." वितरक याहून वेगळं काय करतो?

कॉलेजं विसरू नका. जिथे मास मीडियाचा अभ्यासक्रम आहे किंवा नाट्यमंडळ जिवंत आहे तिथे विभागप्रमुखांना पत्र द्या. जुलै ते सप्टेंबर आणि डिसेंबर-जानेवारी बरे महिने, परीक्षेच्या तोंडावर विचारूच नका. ग्रंथालयांचे छोटे सभागृह, वस्तीतल्या समाजमंदिरांचे हॉल, गणेशोत्सव मंडळांचे सांस्कृतिक कार्यक्रम, सगळं चालतं. उघड्यावर दाखवणार असाल तर लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी काढा आणि रात्री दहाच्या आत संपेल असं बघा. दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, तुमचा शेवटचा प्रसंग कितीही भावुक असला तरी.

हॉल ठरवताना भाड्याआधी अंधार बघा. दुपारी तीन वाजता जा, दिवे बंद करायला सांगा आणि पडदा जिथे लागणार तिथे स्वतःचा तळहात धरा. रेषा दिसल्या तर दुपारचा शो विसरा. बाहेर जायच्या दारावरची ट्यूबलाइट बंद होते का, तेही तिथल्या काकांना विचारा. "ताई, ती कायम चालूच असते," असं उत्तर आलं तर काळा कागद आणि सेलोटेप बरोबर घ्या. बारा-चौदा फुटी पडद्याला पाच हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर लागतो. सभागृहाच्या छताला कायमचा टांगलेला असतो तो बहुधा भाषणांच्या स्लाइडसाठी असतो आणि त्याचा दिवा म्हातारा झालेला असतो. भाड्याने प्रोजेक्टर आणणं परवडतं.

आवाजावर मात्र जरा थांबते, कारण शो पडतात ते आवाजामुळे. हॉलमध्ये उजवा-डावा असे दोनच स्पीकर असतात. तुमची फाइल ५.१ ची असते, म्हणजे सहा वेगळे चॅनल, आणि संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनलमध्ये असतात. लॅपटॉपने पहिले दोनच चॅनल बाहेर पाठवले की संगीत येतं, पक्षी येतात, पावलं येतात आणि माणसं फक्त ओठ हलवतात. टेस्टला सुरुवातीची श्रेयनामावली लावून "आवाज येतोय" म्हणणाऱ्याला हे कळत नाही, कारण तिथे संगीतच असतं. म्हणून मिक्सिंगच्या वेळीच स्टीरिओचं वेगळं मिक्स काढून घ्या, हॉलसाठीच्या फाइलला तेच लावा आणि टेस्ट नेहमी दोन माणसं बोलत असलेल्या प्रसंगावर करा.

दुसरी कटकट म्हणजे घूं. लॅपटॉप हॉलच्या मिक्सरला जोडला की मागे सतत एक गुणगुण ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबली तर दोष विजेच्या अर्थिंगचा आहे. मग एक तर बॅटरीवर शो करा किंवा मधे डीआय बॉक्स लावा. मूठभर आकाराची ही डबी साउंडवाल्याकडे भाड्याने मिळते. लॅपटॉपचं स्लीप बंद, वायफाय बंद, नोटिफिकेशन बंद, व्हॉट्सॲप तर लॉगआउटच. एचडीएमआय केबल लांब असेल तर चित्र अधूनमधून काळं होतं, त्यासाठी आदल्या दिवशी त्याच केबलवर सिनेमा पूर्ण लावून बघायचा. शिवाय तीच फाइल पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या लॅपटॉपवरही असू द्या.

तिकीट ठेवायचं की नाही? ठेवा. फुकट शोला "नक्की येतो" म्हणणाऱ्यांतले निम्मेही येत नाहीत, पाऊस पडला तर त्याहून कमी. शंभर रुपये भरलेला माणूस हार्बर लाइनवर गाडी बंद असली तरी येतो. कामगार, विद्यार्थी, ज्यांच्यावर सिनेमा केलाय ती माणसं, त्यांना पास द्या. बाकीच्यांना ओळखीचे असले तरी तिकीट. नातेवाइकांनाही. शो संपल्यावर यूपीआयचा क्यूआर मोठा छापून दाराशी लावा आणि निःसंकोच सांगा की पुढच्या शोच्या भाड्यासाठी झोळी फिरवतोय. लोक देतात. मागायला आपल्यालाच अवघड जातं.

एखादी संस्था बोलावत असेल तर मानधन आधी ठरवा, नंतर नको. कॉलेजचा दर वेगळा, स्वयंसेवी संस्थेचा वेगळा, कंपनीचा वेगळा, परदेशी विद्यापीठाचा अजून वेगळा. शून्य हा दरही चालेल, पण तो तुम्ही दिलेला असावा, त्यांनी गृहीत धरलेला नव्हे. दिग्दर्शकाने चर्चेला यावं असं वाटत असेल तर प्रवास आणि राहण्याचा खर्च त्यांचा. एका मोठ्या संस्थेने माझ्या ओळखीतल्या दिग्दर्शकाला पुष्पगुच्छ आणि शाल दिली, गाडीभाड्याचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून तो ईमेलवरच विचारतो. अगदी सभ्य भाषेत, पण पहिल्याच ईमेलमध्ये.

दाराशी एक वही ठेवा: नाव, फोन आणि "पुढच्या शोचा मेसेज पाठवू का?" हो म्हणणाऱ्यांनाच पाठवा. ही यादी पोस्टरपेक्षा मोलाची आहे, ती कोणाला देऊ नका.

महोत्सव

यावर थोडक्यात, कारण लोक याच्याच मागे जास्त पळतात. मिफ १९९० पासून दर दोन वर्षांनी मुंबईत होतो आणि तो माहितीपट, लघुपट, ॲनिमेशन यांच्यासाठी आहे. पुण्याचा पिफ आणि गोव्याचा इफ्फी हे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तुम्हाला माहीतच आहेत. गोव्यात इफ्फीच्या दिवसांतच एनएफडीसी या केंद्राच्या चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार) भरतो. खरेदी करणारे आणि महोत्सवांचे निवडकर्ते तिथे भेटतात, त्यामुळे पूर्ण न झालेला सिनेमा असला तरी जाऊन या. फिल्मफ्रीवे या महोत्सवांना अर्ज करायच्या वेबसाइटवरून अर्ज करताना शुल्क बघा. नाव मोठं, फोटो चकचकीत आणि प्रत्यक्ष पडद्यावर शो कुठे होणार याचा पत्ताच नाही, अशा "आंतरराष्ट्रीय" महोत्सवांचा सुळसुळाट झालाय. निवड झाल्याची खूण म्हणून ते देतात ती पानांची माळ पोस्टरवर लावून एक तिकीटही जास्त विकलं जात नाही. मोठ्या महोत्सवांना पहिला शो आपल्याकडेच हवा असतो, म्हणून आधी तिथली उत्तरं येऊ द्या आणि मग तिकिटाचे शो लावा.

थिएटर हवंच असेल तर

आधी हिशोब मांडा. समजा मल्टिप्लेक्सचं तिकीट २०० रुपयांचं आहे. शंभरच्या वरच्या तिकिटावर जीएसटी १८ टक्के, तो वजा जाता साधारण १६९ रुपये ५० पैसे उरतात. पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा थिएटरचा धरला तर तुमच्या बाजूला ८५ रुपयांच्या आसपास येतात. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचा झगडा होऊन हिंदीसाठी जे गणित ठरलं, त्यात निर्मात्याचा वाटा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि पुढे ३० असा उतरत जातो. छोट्या सिनेमाला याहून बरं मिळेल अशी आशा धरू नका. त्या ८५ मधून वितरकाचं कमिशन जातं, डिजिटल प्रोजेक्शनचं शुल्क म्हणजे व्हीपीएफ जातं, पोस्टर, स्टँडी, सोशल मीडिया, सगळं त्यातूनच. थिएटरं यूएफओ किंवा क्यूबसारख्या यंत्रणांवर चालतात, म्हणून कुठल्या स्क्रीनला काय लागतं याची यादी आधी करा. नाहीतर एकाच तालुक्याच्या दोन थिएटरांसाठी दोन वेगळे खर्च निघतात.

धंद्याचा नकाशाही आपल्या राज्याशी जुळत नाही. वितरणाच्या विभागांना सर्किट म्हणतात. मुंबई सर्किटमध्ये गुजरात येतं, पण विदर्भ सीपी बेरार सर्किटमध्ये आणि मराठवाडा निजाममध्ये. म्हणजे एक मराठी सिनेमा एका महाराष्ट्रात दाखवायला तीन दारं ठोठवायची. लॅमिंग्टन रोडच्या नाझ इमारतीत, वितरकांच्या ऑफिसांत, वर्षानुवर्षं हाच धंदा चाललाय. तिथे जाऊन बसा, चहा प्या, ऐका. पण "एमजी देतो" म्हणजे किमान रक्कम आधी देतो, असं कोणी म्हटलं तर पैसे खात्यात पडेपर्यंत तारीख जाहीर करू नका.

माझा सल्ला असा की आठवडाभराच्या रिलीजऐवजी शो विकत घ्या. मल्टिप्लेक्सचा एक छोटा स्क्रीन रविवारी सकाळी भाड्याने घ्यायचा, ठरलेली रक्कम भरायची आणि तिकीटविक्री आपली आपण करायची. ठाणे एक रविवार, बोरिवली दुसरा, डोंबिवली तिसरा. दरवेळी वहीतल्या त्या भागातल्या लोकांना मेसेज. एक शो भरला की व्यवस्थापकाशी दुसऱ्याचं बोलणं सोपं होतं. सिंगल स्क्रीनलाही आठवड्याचं भाडं ठरवून घेता येतं, फक्त कँटीन, सफाई, वीज कोणाकडे, हे लिहून घ्या.

नेहमीसारखं शुक्रवारीच यायचं असेल तर मराठीला प्राइम टाइमचा आधार आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमाला प्राइम टाइमचा शो देणं बंधनकारक केलं आणि गदारोळानंतर प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. म्हणजे मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा शोही प्राइम टाइमच. नियम पाळला जातो, प्रेक्षक ऑफिसात असतो. शो मिळाल्यावर कुठल्या वेळेचा मिळाला ते बघा आणि रोजचा डीसीआर, म्हणजे त्या दिवसाच्या विक्रीचा तक्ता, रात्रीच्या रात्री मागून घ्या. महिन्याने मागितला तर कोणाला काही आठवत नाही. क्रिकेटचे मोठे सामने, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि बड्या हिंदी सिनेमांच्या तारखा टाळा. राज्याच्या चित्रपट महामंडळाची दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी अर्थसहाय्य योजना आहे, तिच्या अटी रिलीजच्या आधीच गोरेगावला जाऊन समजून घ्या.

ऑनलाइन, सगळ्यात शेवटी

यूट्यूबवर एकदा टाकलं की ओटीटीला तुमच्यात रस उरत नाही आणि बरेच महोत्सवही दार लावतात. क्रम असा ठेवा: महोत्सव, हॉल, थिएटर, ओटीटी आणि मग यूट्यूब. ओटीटीला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, ते स्वतःच वयोगट ठरवतात. पण कागदांची तपासणी सगळ्यात कडक त्यांचीच असते आणि तिथे ती रेडिओवरच्या गाण्याची गोष्ट पुन्हा निघते.

करार करताना "सर्व हक्क, सर्व माध्यमं, जगभर, कायमचे" हे वाक्य आलं की पेन खाली ठेवा. हक्क तुकड्यांत द्यायचे असतात: कुठलं माध्यम, कुठला प्रदेश, किती वर्षं. कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. समोरच्याला हे ठाऊक असतं, म्हणूनच तो "कायमचे" लिहून आणतो. सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षं चालतो, तो एका लाखासाठी संपवू नका. आणि हॉलमध्ये, कॉलेजांत, सोसायट्यांत शो करण्याचा हक्क स्वतःकडे राखल्याचं कलम प्रत्येक करारात घालून घ्या. ते बहुधा हरकत घेत नाहीत, कारण त्यांना त्यात पैसा दिसत नाही.

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला चॅनलचे हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचं पाहणं लागतं. त्यामुळे नवीन चॅनल काढून एकच सिनेमा टाकला तर चहापाण्याचेही सुटत नाहीत. टाकायचाच तर मराठी आणि इंग्रजी सबटायटल्सच्या वेगळ्या फाइली जोडा आणि खाली वर्णनात एक ओळ ठळक लिहा: पडद्यावर शो लावायचा असल्यास या ईमेलवर लिहा. सिनेमा फुकट दिसत असतानाही कॉलेजं आणि संघटना शोसाठी विचारतात, कारण त्यांना दिग्दर्शकही समोर हवा असतो. त्यांना स्टीरिओची फाइल पाठवा, मानधनाचा आकडा पाठवा आणि हॉलमध्ये पडद्याजवळची ट्यूबलाइट बंद होते का, तेवढं विचारून घ्या.